रमाबाई रानडे : पाटीपासून परिचर्येपर्यंत



स्मरणिका समितीने मला विषय दिला तो असा : शाळेमुळे तू नर्सिंगकडे कशी वळलीस ते लिही. विषय चांगला आहे, पण स्वतःबद्दल चार पाने भरावीत एवढे माझ्याजवळ काही नाही. आपली शाळा ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्यातले बरेचसे ठाऊकच आहे. त्यापेक्षा मी एका बाईंचे चरित्र सांगते. या बाई लहानपणी कधी शाळेच्या बाकावर बसल्या नाहीत आणि परिचारिकेचा पांढरा गणवेशही त्यांनी कधी अंगावर घातला नाही. तरीही महाराष्ट्रातल्या घरंदाज घरांतल्या मुली आणि विधवा दवाखान्याच्या वॉर्डात शिकायला गेल्या, त्या वाटेवरचे पहिले काटे त्यांनी वेचले. या बाई म्हणजे रमाबाई रानडे.

आपल्यापैकी बऱ्याच जणींनी २०१२ साली ‘उंच माझा झोका’ ही मालिका पाहिली असेल. न्यायमूर्तींनी बायकोला शिकवले आणि घरातल्या बायकांनी तिला छळले, एवढे सगळ्यांना आठवते. पुढे रमाबाईंनी त्या शिक्षणाचे काय केले याबद्दल मात्र कमी बोलले जाते. मी तीस वर्षांहून जास्त काळ सरकारी दवाखान्यांत काढला, म्हणून मला त्यांच्या आयुष्याचा तो उत्तरार्ध जास्त जवळचा वाटतो. पण त्याचे मूळ त्यांच्या पहिल्या धड्यांत आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करते.

रमाबाईंचे माहेर कुर्लेकरांचे. जन्म १८६२ चा, देवराष्ट्रे गावचा. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होते, आता सांगलीत आहे. यशवंतराव चव्हाणांचा जन्मही पुढे याच गावी झाला. माहेरचे नाव यमुना. त्या काळी मुलगी लिहायला वाचायला शिकली की तिला वैधव्य येते, असा समज घरोघरी होता. त्यामुळे यमुनेला अक्षरओळख अशी नव्हतीच. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी तिचे लग्न झाले. नवरा महादेव गोविंद रानडे, वय एकतीस, सरकारी न्यायाधीश, पुण्या-मुंबईत गाजलेला विद्वान. पहिली पत्नी वारली होती. सुधारक मंडळींची अपेक्षा होती की रानडे विधवेशी लग्न करतील, पण वडिलांच्या हट्टापुढे त्यांचे काही चालले नाही आणि त्यांनी या लहान मुलीशी लग्न केले. त्यावरून त्यांना बोलणारे पुष्कळ होते आणि त्यात चूक काही नव्हते.

लग्न झाल्याबरोबर रानड्यांनी बायकोला शिकवायला सुरुवात केली. पाटी, पेन्सिल, मुळाक्षरे. स्वतःला वेळ पुरेना, तेव्हा ट्रेनिंग कॉलेजात शिकलेल्या एका शिक्षिकेला घरी बोलावले. मराठी वाचन झाले, गणित झाले, मग इंग्रजी सुरू झाले. दिवसभर स्वयंपाकघर, सोवळे-ओवळे, मोठ्यांची सेवा आणि उरलेल्या वेळात अभ्यास. घरात सासू, आत्या, नणंद अशा बऱ्याच बायका होत्या आणि त्यांना हे मुळीच पसंत नव्हते. टोमणे रोजचेच. कधी कधी तर कुणी बोलतच नसे. इंग्रजी शिकवायला एक ख्रिस्ती बाई येऊ लागल्या, तेव्हा त्यांच्याजवळ बसून विटाळ झाला म्हणून रमाबाईंना पुन्हा आंघोळ करावी लागे, मगच घरात वावरता येई. रमाबाई हे सगळे सोसत राहिल्या. उलट बोलल्या नाहीत आणि धडाही सोडला नाही.

माझ्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींना मी हा भाग मुद्दाम सांगत असे. आपल्या कामात पहिल्या वर्षी जे शिकायचे असते त्यातले निम्मे पुस्तकात नसते. नातेवाईक चिडतात, पेशंट ओरडतो, कुणी घाण उपसायला सांगितल्यासारखे हुकूम सोडतो. अशा वेळी तोंड बंद ठेवून हातातले काम नीट पुरे करायचे, आणि तरीही मनातला आपला मान उतरू द्यायचा नाही. ही तालीम रमाबाईंना वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून घरातच मिळाली. ती मिळाली हे चांगले झाले असे मी म्हणत नाही. कुठल्याही मुलीला असे शिकावे लागू नये. पण जे सोसले त्यातून त्या आखडल्या नाहीत, आणि पुढे दुसऱ्यांच्या मुलींसाठी त्यांनी ते वापरले.

दुसरा धडा चारचौघांत उभे राहण्याचा. रानड्यांची बदली नाशिकला झाली तेव्हा तिथल्या शाळेच्या एका समारंभात रमाबाई पहिल्यांदा जाहीर बोलल्या. भाषण रानड्यांनी लिहून दिले होते. पुढे पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढायची चळवळ सुरू झाली, तेव्हा मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर त्यांनी इंग्रजीत निवेदन वाचले. घरातल्या बायकांना हा निर्लज्जपणा वाटला. पण १८८४ मध्ये ते हायस्कूल निघाले. आज आपण त्याला हुजूरपागा म्हणून ओळखतो. जिला स्वतःला शाळेचे दार दिसले नाही, ती दुसऱ्या मुलींसाठी दार उघडा म्हणून गव्हर्नरपुढे उभी राहिली, याचे मला फार वाटते.

याच सुमारास, १८८२ साली, पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज सुरू झाला. आपल्या रमाबाई तिथे जात. १८९३ मध्ये रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. मुंबईत रमाबाईंनी हिंदू स्त्रियांसाठी एक मंडळ काढले, त्यात भाषा, सामान्य ज्ञान, शिवणकाम यांचे वर्ग चालवले. बायका जमतात, शिकतात, पण एका जागी टिकून काही मिळवण्याइतके त्यांना बळ यायला हवे, हे त्यांच्या तिथेच लक्षात आले असावे.

रानड्यांची दृष्टी अधू होती, म्हणून बरेच वाचन रमाबाई त्यांना मोठ्याने करून दाखवत. शेवटच्या आजारात त्यांची शुश्रूषा रमाबाईंनीच केली. १६ जानेवारी १९०१ ला न्यायमूर्ती गेले. रमाबाईंचे वय तेव्हा चाळीशीच्या आत होते, मूलबाळ नव्हते. त्या पुण्याच्या वाड्यात परतल्या आणि जवळजवळ वर्षभर कुणाला भेटल्या नाहीत. विधवेने असेच राहायचे अशी रीत होती. दुसरी कुणी असती तर तिचे चरित्र इथेच संपले असते.

त्या बाहेर पडल्या त्या थेट येरवड्याच्या तुरुंगात. स्त्री कैद्यांना भेटायच्या, त्यांच्याशी बोलायच्या. मग दवाखान्यांत जाऊ लागल्या, आजाऱ्यांना फळे, फुले, पुस्तके द्यायच्या. वॉर्डात नुसते बसले तरी बरेच काही दिसते, हे दवाखान्यात काम केलेल्या कुणालाही पटेल. घरंदाज घरातली बाई आजारी पडली तर परक्या पुरुषाने तिला हात लावायचा नाही. परक्या जातीच्या बाईचा हातही चालायचा नाही. आणि आपल्या जातीतल्या, आपल्या भाषेतल्या शिकलेल्या परिचारिका जवळजवळ नव्हत्याच. त्या काळी दवाखान्यांतल्या नर्सेस बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती. १८९७ च्या प्लेगची आठवण पुण्यात ताजी होती. सावित्रीबाई फुले त्याच साथीत रोग्यांची सेवा करताना गेल्या. लोक प्लेगपेक्षा दवाखान्याला जास्त भ्यायचे, कारण तिथे आपले म्हणावे असे माणूस नसायचे.

१९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल हे रमाबाईंकडे आले. भारतीय स्त्रियांना परिचारिकेचे काम शिकवणारी एखादी संस्था काढावी असे त्यांच्या मनात होते. त्यातून मुंबईचे सेवासदन उभे राहिले आणि रमाबाई त्याच्या अध्यक्ष झाल्या. १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर या कामात त्यांच्याबरोबर होते. समाजाचे संस्थापक गोखले रानड्यांना गुरू मानत, त्यामुळे हे नाते घरच्यासारखेच होते.

पुण्यात परिचर्येचे शिक्षण सुरू करायचे तर दवाखाना होता. ससून रुग्णालय १८६७ पासून उभे होते. अडचण दुसरीच होती. शिकायला येणार कोण? रात्रीची पाळी, परक्या पुरुषांच्या जखमा, शौच-लघवीची भांडी, कुठल्याही जातीच्या माणसाला शिवणे. यातली एकेक गोष्ट त्या काळच्या घरात मुलीचे नाव घालवायला पुरेशी होती. सुइणीचे काम चालायचे, पण ते दुसऱ्यांनी करायचे. आपल्या घरातली मुलगी त्यासाठी जाणार नाही.

दुसरी अडचण आपल्या विषयाला धरून आहे. परिचारिकेला वाचता आले पाहिजे. औषधाच्या बाटलीवरचे नाव, किती थेंब, किती वाजता, ताप किती, नाडी किती, हे सगळे लिहावे लागते आणि दुसऱ्या पाळीच्या बाईला ते वाचता यावे लागते. एक आकडा चुकला तर माणूस जातो. त्या काळच्या वीस-पंचवीस वर्षांच्या विधवेला हे कुठून यायचे? म्हणून सेवासदनाने आधी प्रौढ बायकांचे प्राथमिक वर्ग चालवले. मोठ्या बायका पाटी घेऊन पहिलीपासून शिकू लागल्या. अकरा वर्षांच्या नवरीने पाटीवर अक्षरे गिरवली होती, त्याचा हा पुढचा धडा. मोठ्या वयात पहिले अक्षर काढताना बाईला किती लाज वाटते, घरचे काय म्हणतात, मध्येच सोडून द्यावेसे कसे वाटते, हे रमाबाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

१९११ च्या सुमारास सेवासदनाच्या बायका ससूनमध्ये परिचर्या शिकू लागल्या. त्यांच्यासाठी वसतिगृह निघाले. वसतिगृह म्हणजे आजच्या भाषेत हॉस्टेल, पण तेव्हा ती नुसती राहायची जागा नव्हती. मुलगी रात्री कुठे आहे, कुणाच्या देखरेखीखाली आहे, कुणाबरोबर येते-जाते, या प्रश्नांना तिच्या घरच्यांपुढे ठेवायचे ते उत्तर होते. हायकोर्टाच्या न्यायमूर्तींची विधवा स्वतः या संस्थेची प्रमुख आहे आणि स्वतः वॉर्डात जाते, हे दुसरे उत्तर. आपल्या नवऱ्याच्या नावाला असलेला मान रमाबाईंनी असा खर्च केला, त्या मुलींच्या पाठीशी उभा केला.

तरीही हेटाळणी चुकली नाही. सेवासदनाच्या एका वार्षिक बक्षीस समारंभातला प्रसंग प्रसिद्ध आहे. केशवपन केलेली, साधे लुगडे नेसलेली एक विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली, तेव्हा गॅलरीत बसलेल्या कॉलेजच्या मुलांनी हुर्यो केली. रमाबाई शेवटी बोलायला उठल्या. त्यांनी त्या मुलांना सरळ विचारले की कॉलेजात जाऊन तुम्ही शिकलात तरी काय, आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरात अशी आत्या, बहीण किंवा आईच नाही का. सभागृह गप्प झाले. मला या प्रसंगात त्या विधवेचा चेहरा सारखा डोळ्यांपुढे येतो. तिचे नाव कुठे नाही. पण ती बक्षीस घ्यायला वर आली होती, म्हणजे ती आधी पास झाली होती.

काम वाढत गेले. अध्यापिका विद्यालय, वसतिगृहे, वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी वेगळी सोय, परिचर्या शिकणाऱ्यांसाठी वेगळी. १९१३ मध्ये गुजरात-काठियावाडात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई मदतीला तिकडे गेल्या. आळंदीच्या यात्रेत सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन त्या यात्रेकरू बायकांच्या मदतीला जात. नरसी नामदेव आपल्या जिल्ह्यात आहे, आपल्या गावांतून वर्षानुवर्षे दिंड्या निघतात, त्यामुळे यात्रेतल्या बाईचे हाल आपल्याला सांगायला नकोत. पायाचे फोड, उन्हाची चक्कर, गर्दीत आडोसा नाही, आणि सांगायचे कुणाला? तिथे बायकांसाठी बायकांनी उभे राहणे हे मोठे काम होते. स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणूनही त्या शेवटपर्यंत झटल्या. १९२४ साली त्या गेल्या, तेव्हा पुण्याच्या सेवासदनात हजारावर स्त्रिया वेगवेगळ्या विभागांत शिकत होत्या. १९६२ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीचे टपाल तिकीट निघाले.

हे सगळे पुण्यात चालले होते तेव्हा आपला भाग निजामाच्या राज्यात होता. वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून, मुलींच्या शाळा हाताच्या बोटांवर मोजण्यासारख्या. १७ सप्टेंबर १९४८ नंतर इथे शाळा वाढल्या. आपण शिकलो तेव्हा हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातला तालुका होता, जिल्हा झाला तो १९९९ मध्ये. पुण्याच्या मुलींना जे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिळाले, ते आमच्या आयांना मिळाले नाही. माझी आई अंगठा लावायची. म्हणून माझ्या घरात शाळेत जाणारी मी पहिली, आणि माझ्यासारख्या वर्गात बऱ्याच होत्या.

आता समितीच्या विषयाला थोडे उत्तर देते. आपल्या मराठीच्या बाई रोज एका मुलीला वर्गापुढे उभे करून धडा मोठ्याने वाचायला लावत. आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला नाही तर पुन्हा पहिल्या ओळीपासून. प्रथमोपचाराची पेटी वर्गात ठेवलेली असायची, तिची किल्ली आळीपाळीने मुलींकडे. खेळताना कुणाचा गुडघा फुटला की धुवायचे, पुसायचे, लाल औषध लावायचे, आणि वहीत नाव लिहायचे. रक्त बघून मला भीती वाटायची नाही हे मला तिथेच कळले. वहीत नाव लिहायची सवय मला आयुष्यभर पुरली. दवाखान्यात ड्यूटी संपताना केसपेपरवर जे लिहिलेले नाही ते केलेले नाही असे धरतात. हा नियम मी शाळेतच शिकले होते. रमाबाईंची गोष्टही पहिल्यांदा त्याच बाईंच्या तासाला ऐकली.

हे चरित्र मी सांगत बसले त्याला एक कारण आहे. स्नेहमेळाव्याचा ग्रुप सुरू झाल्यापासून आपल्या तुकडीतल्या तिघींनी मला वेगवेगळे फोन केले. तिघींच्या घरात बारावी झालेली मुलगी किंवा पुतणी आहे, तिला नर्सिंगला जायचे आहे आणि घरचे तयार नाहीत. कारणे ऐकली तर वाटेल १९११ साल अजून उलटलेले नाही. रात्रपाळी. पुरुषांचे वॉर्ड. स्थळे येणार नाहीत. घाणीचे काम. करोनाच्या वर्षी याच परिचारिकांसाठी लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि काही गावांत त्यांनाच भाड्याची खोली सोडायला लावली. टाळ्या आणि टोमणे एकाच तोंडातून येतात हे रमाबाईंनी आपल्या घरात पाहिले होते.

त्या तिघींना मी जे सांगितले तेच इथे लिहिते. रात्रपाळी अवघड असते, खोटे सांगत नाही. पाय दुखतात, सणाला घरी राहता येत नाही, कधी पेशंट डोळ्यांदेखत जातो आणि पाच मिनिटांत दुसऱ्या पेशंटची सलाईन बदलायची असते. पण आपल्याकडच्या मुलीला स्वतःच्या पायावर उभे करणारी शिक्षणे जी थोडी आहेत त्यांत हे एक आहे. एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे. प्रवेश घेण्याआधी कॉलेजला परिचर्या परिषदेची मान्यता आहे की नाही ते बघायचे, आणि मुलगी राहणार ते हॉस्टेल स्वतः जाऊन बघायचे. रमाबाईंनी वसतिगृह आधी का बांधले ते तेव्हा लक्षात येईल.

गुरुजनांना एक विनंती. वर्गात मागच्या बाकावर बसलेली, मार्क मध्यम असलेली, पण कुणी पडले तर पहिल्यांदा धावणारी मुलगी प्रत्येक तुकडीत असते. तिच्या हातात एखादी पेटी द्या, एखादी वही द्या. तिला मोठ्याने वाचायला उभे करा. तिचे काय होईल ते लगेच दिसणार नाही. रमाबाईंच्या पहिल्या पाटीपासून ससूनच्या वॉर्डापर्यंत जायला जवळजवळ अडतीस वर्षे लागली.

वर्गमित्र-मैत्रिणींसाठी एक प्रस्ताव आहे. मेळाव्याचा खर्च जाऊन जी रक्कम शिल्लक राहील ती मंडपाच्या सजावटीत न घालता, आपल्या शाळेतून बारावी होऊन नर्सिंगला जाणाऱ्या एका मुलीच्या पहिल्या वर्षाच्या हॉस्टेलसाठी ठेवावी. एक वर्ष निभावले की मुलगी टिकते, हा माझा अनुभव आहे. दुपारच्या सभेत हा विषय मी मांडणार आहे, मोजके बोलेन. ज्यांच्या घरात अशी मुलगी आहे त्यांनी जेवणानंतर मला गाठावे आणि मुलीलाही बरोबर आणावे. तिच्या आजीला रात्रपाळीची काळजी वाटत असेल तर आजीलाही आणा. तिच्याशी मी बोलते.

— १९८४ च्या दहावीच्या तुकडीतील एक विद्यार्थिनी